तुळशीला पाणी कोण घालणार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की बाहेरगावी निघणाऱ्या प्रत्येक घरात एक प्रश्न उपस्थित होतो. गॅसचा कॉक बंद केला, दूधवाल्याला सांगितले, वर्तमानपत्र थांबवले. पण झाडांचे काय? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. त्यावर वैचारिक लेख लिहावा, असे त्यात काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत होते. परंतु याच प्रश्नापायी आमच्या आईने आपल्या डोळ्यांची शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकलली, तेव्हा तो क्षुल्लक राहिला नाही.

आमचे मूळ घर इनामगावचे. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि नोकरीमुळे बिऱ्हाड पुण्यात आहे. आई गावी एकटी राहते. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन, मागच्या परसात बावीस कुंड्या: मोगरा, जास्वंद, गवती चहा, कोरफड, ओवा, एक कढीपत्ता आणि कोणी कोणी दिलेल्या फांद्यांपासून वाढवलेले गुलाब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले. पुण्याला येऊन तीन आठवडे राहायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले, की आईचे उत्तर ठरलेले असे, "तुळशीला पाणी कोण घालणार?"

हे उत्तर मराठी घरात जन्मलेल्या कोणालाही नवे नाही. गुराला वैरण, देवाला दिवा आणि तुळशीला पाणी या तीन खुंट्यांना आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांतल्या स्त्रिया बांधलेल्या होत्या. माहेरी चार दिवस जायचे तरी आधी बदली बाई शोधावी लागे. तेव्हा 'हाताने पाणी घालण्यातला जिव्हाळा' यावर गहिवरून लिहिण्यापूर्वी, तो हात कोणाचा होता, हे विचारणे आवश्यक आहे. झाडांवरचे प्रेम हे खरेच. पण घर न सोडण्याची सक्तीही त्याच प्रेमाच्या नावाने चालत आलेली आहे. म्हणून घरी कोणी नसताना आपोआप पाणी देणाऱ्या साधनांकडे आम्ही उपहासाने पाहत नाही. ज्या बाईला त्यामुळे तीन आठवडे घराबाहेर राहता येते, तिच्या दृष्टीने ती चैन नव्हे.

शिवाय 'आपोआप पाणी' ही कल्पना परकी किंवा नवी आहे, असेही नाही. वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती लावतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र, छिद्रातून टपकणारा थेंब, आणि पुजारी तिथे नसतानाही अखंड चालणारा अभिषेक. ठिबक सिंचनाचे तत्त्व याहून वेगळे नाही. जमिनीत गळ्यापर्यंत मडके पुरून त्याच्या झिरपणाऱ्या पाण्यावर वेल वाढवण्याची रीत आपल्या कोरडवाहू भागात होती. चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या फान शेंगचीच्या शेतीविषयक ग्रंथातही ती वर्णिलेली आहे. आधुनिक ठिबकाचे श्रेय इस्राएलच्या सिम्खा ब्लास या अभियंत्याकडे जाते. १९६०च्या दशकात तिथल्या हात्झेरिम या किबुत्झवर त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि महाराष्ट्रात ते खेडोपाडी नेण्याचे मोठे काम जळगावच्या भवरलाल जैन यांनी केले. आज आमच्या तालुक्यात उसालाही ठिबक आहे आणि डाळिंबालाही.

आणि इनामगावचे नाव तर पाण्याच्या इतिहासात याहून फार जुने आहे. गावाजवळच्या पांढरीत १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी या अभ्यासकांचे हे काम भारतीय पुरातत्त्वात आदर्श मानले जाते. इसवी सनपूर्व १६००पासून ७००पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे, इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिच्यातल्या मधल्या, म्हणजे पूर्व जोर्वे काळात, गावाच्या कडेने दगडमातीचा बांध आणि सुमारे दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा पाट खोदलेला आढळला. पुराचे पाणी वळवून शेतीला पुरवण्यासाठी ही योजना असावी, असे उत्खनकांनी अनुमान केले. ज्या काळी या माणसांपाशी लोखंड नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

लहानपणी या पाटाविषयी ऐकताना आम्हांला वाटे, की पाणी एकदा पाटात सोडले की संपले, पुढे ते आपोआप वाहत राहणार. वय वाढल्यावर पाटपाण्याची व्यवस्था जवळून पाहिली, तेव्हा समजले, की पाटाइतके माणसावर अवलंबून असलेले दुसरे काही नाही. गाळ उपसावा लागतो, बांध फुटला तर रातोरात भरावा लागतो, कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जायचे, हे ठरवावे लागते. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असे. तो स्वतःच्या नव्हे, सर्वांच्या रानाला पाणी द्यायचा आणि त्याला धान्याच्या रूपाने मोबदला मिळायचा. इनामगावच्या त्या प्राचीन पाटावरही असा कोणी तरी असलाच पाहिजे. उत्खननात त्याचे नाव सापडणे शक्य नाही, पण सरपंचासारखा कोणी प्रमुख आणि त्याच्या घराशेजारचे सामायिक धान्यकोठार सापडले आहे. याचा अर्थ एवढा तरी निघतो, की पाणी आणि धान्य ही एकेकट्या घराची बाब नव्हती. पुढे इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले असावे; शेती खालावली, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, माणसे शेळ्यामेंढ्यांकडे आणि शिकारीकडे वळली. पाट होता, पण पाटात यायला पाणी हवे ना.

असो. आमच्या परसाकडे वळू.

आईला राजी करण्यासाठी आम्ही पुण्याहून ठिबकाचा घरगुती संच आणला. नळाला बसणारे सेलवरचे टायमर, सोळा मिलिमीटरची नळी, प्रत्येक कुंडीसाठी तासाला चार लिटर पाणी देणारा ड्रिपर. कागदावर हिशेब केला: रोज दहा मिनिटे, म्हणजे प्रत्येक कुंडीला साधारण ६७० मिलिलिटर, बावीस कुंड्या आणि वृंदावन मिळून दिवसाला पंधरा-साडेपंधरा लिटर, माळवदावरची टाकी पाचशे लिटरची, म्हणजे महिनाभराची बेगमी. साहित्याच्या प्राध्यापकांना इतके गणित जमले, याचे आम्हांला कौतुकच वाटले. आईने नळीतून थेंब पडताना पाहिले, प्रत्येक कुंडीवरून हात फिरवला आणि ती गाडीत बसली. घराला कुलूप, परसाच्या दाराला कुलूप, दोन्ही किल्ल्या आमच्या खिशात.

एरवी आई दोन दिवसांसाठी पाबळला किंवा शिरूरला गेली, तर किल्ली शेजारच्या काकूंकडे असे. या वेळी आम्ही ती दिली नाही. काकूंना कशाला त्रास, असे आम्ही म्हणालो. यंत्र असताना माणसाला सांगणे हे आम्हांला मागासलेपणाचेही वाटले असेल; आता प्रामाणिकपणे कबूल करावयास हरकत नाही.

बावीस दिवसांनी परतलो. आईला एका डोळ्याने आता स्वच्छ दिसत होते आणि त्या डोळ्याला पहिल्यांदा दिसले, ते वाळलेले परस. नळीचा एक जोड निसटला होता. तो जोड आम्हीच बसवला होता आणि त्याला क्लिप लावायची राहिली होती. टायमर आपले काम चोख करत राहिले. रोज सकाळी सहा वाजता दहा मिनिटे ते उघडत होते आणि टाकीतले पाणी त्या उघड्या तोंडातून फरसबंदीवर जात होते. पाचसहा दिवसांत टाकी रिकामी झाली असणार. त्यानंतरही टायमर रोज उघडत होते आणि मिटत होते. मोगरा गेला, गुलाब सगळे गेले, जास्वंदीच्या काड्या झाल्या. कोरफड तेवढी तगली.

पुढच्या अंगणातली तुळस मात्र हिरवीगार होती. वृंदावन कुलपाच्या बाहेर. तिथली माती सुकलेली काकूंना दिसली आणि त्या रोज आपल्या घरचा तांब्या आणून ओतत होत्या. आम्ही आभार मानू लागलो, तेव्हा त्या आमच्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "किल्ली दिली आसती तर मी काय पानी घातलं नसतं व्हय?"

या वाक्यानंतर आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. गुलाब पुन्हा लावता येतात. पण चाळीस वर्षे ज्या बाईकडे किल्ली ठेवली, तिच्याकडे ती न ठेवण्याचा अर्थ तिने काय लावला असेल? आम्हांला तिचा त्रास वाचवायचा होता. तिच्यापर्यंत पोहोचले ते इतकेच, की तिचे काम आता पडत नाही.

वर्गात 'शाकुंतल' शिकवताना आम्ही चौथ्या अंकापाशी नेहमी रेंगाळतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, ते मराठी नाटकाच्या इतिहासातले पर्वच, त्यामुळे मूळ नाटकाची ओळख करून देणे भागच असते. स्वतः पाणी पिण्याआधी आश्रमातल्या झाडांना पाणी घालणारी शकुंतला सर्वांच्या लक्षात राहते. निबंधात विद्यार्थी तेच लिहितात. पण ती आश्रम सोडून निघते, तेव्हा मागे झाडांचे काय होणार, या आमच्या आईच्याच प्रश्नाचे उत्तर ती कसे देते, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वनज्योत्स्ना नावाच्या लाडक्या वेलीला ती मिठी मारते आणि दोन्ही सख्यांना सांगते, की ही तुमच्या हाती ठेव म्हणून सोपवते आहे. कालिदासाचा शब्द आहे 'निक्षेप'. ठेव ठेवली, की ठेवणारा आणि सांभाळणारा यांच्यात एक नाते तयार होते. म्हणून तर सख्या लगेच रडत विचारतात, की मग आम्हांला कोणाच्या हाती सोपवून चाललीस? वेलीच्या निमित्ताने खरे बोलणे आपसांतले चालले आहे. काकूंचे वाक्य आम्ही इतकी वर्षे शिकवत होतो आणि ते आमच्याच अंगणात बोलले गेले, तेव्हा आम्हांला ओळखू आले नाही.

तर मग यंत्रे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. इथे एक भेद केला पाहिजे. काही साधने घड्याळावर चालतात आणि काही तहानेवर. टायमरला वेळ कळते, माती कळत नाही. वळवाचा पाऊस कोसळत असतानाही ते सहा वाजता पाणी सोडणार. घरातली मनीप्लँटसारखी झाडे तर पाण्याच्या अभावापेक्षा अतिरेकानेच अधिक मरतात. याउलट पुरलेले बिनरंगाचे मडके मातीच्या तहानेप्रमाणे वागते: भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते, ओली झाली की झिरपणे मंदावते. भांड्यातून कुंडीत सोडलेली सुती वातही जवळपास याच न्यायाने चालते. प्लॅस्टिकची बाटली उलटी खोचण्याचा प्रकार सर्वांत सोपा, पण बेभरवशाचा. एखादी बाटली तासाभरात रिकामी होते, तर एखादी आठवडाभर तशीच राहते. आमच्या ड्रिपरवर छापलेला चार लिटरचा आकडादेखील सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला धरून असतो. तीन मीटरवरच्या टाकीतून त्याच्या निम्म्याच्या आसपासच पाणी मिळते, हे नंतर कळले. ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटे मोजले असते, तर आधीच कळले असते. म्हणजे जोड निसटला नसता, तरी मे महिन्यात आमच्या कुंड्या अर्धपोटीच राहिल्या असत्या. निघण्यापूर्वी चार दिवस संच घरीच चालवून पाहावा, एवढे शहाणपण तरी यातून घेण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती परसाबाहेरची आहे. आमच्या भागात शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने येते. कित्येकदा ती रात्री येते. रात्री दारे धरायला उसात जायचे, तर बिबट्याचे भय. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत हे भय कल्पनेतले नाही. माणसे दगावली आहेत. मग शेतकरी स्टार्टरला 'ऑटो' लावतो. वीज आली, की पंप आपोआप सुरू होतो, मालक घरी झोपलेला असतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पण साऱ्या शिवारातले ऑटो एकाच क्षणी सुरू होतात, त्या धक्क्याने रोहित्र जळते आणि मग सगळ्यांचेच पाणी बंद पडते. म्हणून ऑटो काढा, असे महावितरण सांगत असते. प्रत्येकाने आपापल्यापुरती शोधलेली सोय एकत्र आली, की सर्वांची गैरसोय कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. यावर उपाय एकेकट्याच्या स्टार्टरमध्ये नाही. तो दिवसा वीज देण्यात आहे. कृषिवाहिन्या सौरऊर्जेवर चालवण्याची मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना २०१७मध्ये सुरू झाली, ती याच मागणीपोटी. पाटकऱ्याच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न गावाने आणि शासनाने मिळून सोडवायचा आहे. बाजारातून एक डबी आणून तो सुटत नाही.

कुंडीतल्या मोगऱ्याची तुलना बिबट्याच्या सावटाखाली पाणी भरणाऱ्या माणसाशी करणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. तीव्रतेत दोहोंची तुलना नाहीच. पण दोन्हीकडे चूक एकाच ठिकाणी होते. यंत्र श्रम कमी करते, आणि ते करावेच; लक्ष ठेवण्याचे काम मात्र ते घेत नाही. ते लक्ष ठेवणारे माणूस आपण त्याच वेळी बाजूला केले, तर जोड निसटलेला पाहणार कोण?

आईच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया यंदा वैशाखात झाली. निघण्याआधी या वेळी वेगळी तयारी केली. उरलेल्या आणि नव्या कुंड्या उन्हातून काढून लिंबाच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवल्या. प्रत्येक कुंडीत वर उसाच्या पाचटाचा थर दिला, म्हणजे ओल टिकते. मोठ्या कुंड्यांत कुंभाराकडची बिनरंगाची लहान मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि डास होऊ नयेत म्हणून त्यांवर झाकण्या ठेवल्या. लहान कुंड्यांना बादलीतून वाती दिल्या. ठिबकाचा संच तसाच माळ्यावर आहे. क्लिपा आणल्या, की तोही लावू. आणि किल्ली काकूंकडे दिली. मडकी आणि बादली भरायला त्यांना दर तीन-चार दिवसांनी एक फेरी पुरणार होती, रोज वाकून बावीस कुंड्यांना पाणी घालण्याची गरज नव्हती. काकूंचेही गुडघे आता सत्तरीचे आहेत, हे मागच्या वेळी आमच्या ध्यानात आले होते, ते अगदीच चूक नव्हते. आमचे चुकले, ते त्यावरच्या उपायात.

पुण्यात असताना आई रोज संध्याकाळी काकूंना फोन लावी. झाडांची चौकशी पहिल्या मिनिटात संपे. मग कोणाच्या सुनेला काय झाले, बोअरला पाणी किती उरले, कालवडीने पहिला वेत कसा दिला, हे सारे चाले. आम्ही गावी परतलो, तेव्हा काकूंनी किल्ली आणून दिली. आईने ती घेतली नाही. "राहू दे तुझ्यापाशीच," म्हणाली, "माझ्याकडं दुसरी हाये."